काळी अळी, बावीस पाय: मोहरीची करवतमाशी ओळखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की मुळा, मोहरी, नवलकोल यांच्या वाफ्यांतून तेच फोटो यायला लागतात. पानाला भोकं, पानाखाली काळपट अळी आणि सोबत एकच ओळ: "ही कुठली? काय मारू?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून इथे जास्त जागा ओळखण्याला दिली आहे. प्रश्नांना क्रमांक आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, क्रमांक दिला आहे.

१. करवतमाशी म्हणजे काय? माशीच ना ती?

नाव माशीचं, पण घरात घोंघावणाऱ्या माशीशी तिचं काही नातं नाही. ती मधमाशी, मुंगी आणि गांधीलमाशीच्या गणातली आहे. साध्या माशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन. मधमाशीपासून वेगळी ओळखायची तर कंबर बघा. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याने आवळल्यासारखी बारीक असते, करवतमाशीची छाती आणि पोट सरळ एकमेकांना चिकटलेली. कंबर नाहीच म्हणा ना.

करवत हा शब्द मादीमुळे आला. तिच्या पोटाच्या टोकाला दाते असलेलं पातं असतं. त्याने ती पानाची कड चिरते आणि त्या चिरेत अंडं सरकवते. जगात करवतमाशांच्या सुमारे ८ हजार जाती आहेत. या पानावर त्यातल्या एकीबद्दलच बोलायचं आहे: अथालिया प्रॉक्सिमा, म्हणजे मोहरीची करवतमाशी. शेतीच्या पुस्तकात ती 'मस्टर्ड सॉफ्लाय' म्हणून असते. वाफ्यावर मात्र सगळेच तिला नुसती 'काळी अळी' म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण काळपट अळ्या चार-पाच प्रकारच्या असतात.

२. माझ्या मुळ्यावर आहे ती हीच, हे पटकन कसं कळेल?

चार गोष्टी जुळल्या तर बहुतेक हीच.

झाड मोहरीच्या कुळातलं हवं: मोहरी, मुळा, सलगम, कोबी, फ्लॉवर, नवलकोल. टोमॅटोवर किंवा पालकावर काळी अळी दिसली तर हे पान बंद करा, ती दुसरी कुणीतरी आहे.

दिवस थंडीचे हवेत. हिचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, म्हणजे दिवाळी ते होळी.

अळी गुळगुळीत, केस नसलेली, गडद हिरवी ते जवळजवळ काळी. पाठीवर लांबीने जाणारे पाच काळे पट्टे. अळी अगदी काळी झाली की हे पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोचा उजेड वाढवला की दिसतात. पूर्ण वाढलेली अळी १६ ते १८ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा आखूडच. नुकती बाहेर आलेली करडी-हिरवी असते, त्यामुळे एकाच पानावर दोन रंगांच्या अळ्या दिसल्या तर त्या दोन जाती आहेत असं लगेच समजू नका.

चौथी गोष्ट पाय, आणि खरा निकाल तिथेच लागतो. ते पुढच्या प्रश्नात.

३. पाय मोजा, पाय मोजा म्हणता. पण कसे आणि कुठले?

अळी एखाद्या काडीवर किंवा पानाच्या कडेवर घ्या आणि बाजूने बघा. वरून पाय दिसत नाहीत, आणि मला आलेले निम्मेअधिक फोटो वरूनच काढलेले असतात.

डोक्यामागे लगेच तीन जोड्या खऱ्या पायांच्या असतात: टोकदार, सांधे असलेले. त्या प्रत्येकच अळीला असतात, त्या सोडून द्या. मोजायचे ते मागचे मांसल, बुटके पोटपाय. पतंग किंवा फुलपाखराच्या अळीला पोटपायांच्या जास्तीत जास्त पाच जोड्या. मोहरीच्या करवतमाशीला आठ. पुढच्या तीन धरून अकरा जोड्या, बावीस पाय.

मोजताना अळी हलली आणि आकडा चुकला तर सोपी खूण आहे. खऱ्या पायांच्या मागे मोकळी जागा किती, ते बघा. पतंगाच्या अळीत दोन वळ्या बिनपायांच्या असतात आणि मग पोटपाय सुरू होतात. करवतमाशीत एकच वळी रिकामी, की लगेच पायांची रांग. एकदा ही फट नजरेत बसली की मोजायची गरजही पडत नाही.

दहापट भिंग असेल तर आणखी दोन गोष्टी. पतंगाच्या अळीच्या पोटपायांच्या तळाला बारीक आकड्यांची कड असते, हिच्या पायांना आकडे नाहीत. आणि डोळा: पतंगाच्या अळीच्या डोक्याला प्रत्येक बाजूला बारीक ठिपक्यांचा पुंजका असतो, करवतमाशीच्या अळीला एका बाजूला एकच ठसठशीत डोळा. त्यामुळे तिचा चेहरा जरा बाहुलीसारखा दिसतो. हे काही शास्त्र नाही, पण मी स्वतः आधी तेच बघतो.

४. हात लावला की गोळा होऊन खाली पडते. मेली का?

मेलेली नाही, सोंग आहे. झाडाला धक्का लागला की ही अळी वेटोळं करते, पकड सोडते आणि मातीत पडून निपचित राहते. काळ्या मातीत काळं वेटोळं शोधून दाखवा बघू. हीच सवय ओळखायला उपयोगी आहे: पानाखाली पांढरी ताटली धरा आणि देठाला टिचकी मारा. ताटलीत काळ्या गोल कड्या पडल्या आणि मिनिटाभराने उलगडून चालू लागल्या तर संशय बळकट. तंबाखूची पानं खाणारी अळीही गोळा होते, म्हणून केवळ यावरून ठरवू नका. पाय मोजायचे ते मोजायचेच.

याच वंशातल्या युरोपीय जातीची अळी जरा दाबली की कातडीतून पटकन थेंब सोडते आणि त्या थेंबात मोहरीच्या पानातली तिखट द्रव्यं साठवलेली असतात. मुंग्या त्यामुळे तिच्या वाटेला जात नाहीत. जे द्रव्य मोहरीला मोहरीची चव देतं, तेच तिच्या अंगाला कवच.

५. भोकं भरपूर, पण अळी एकही दिसत नाही. तेव्हा?

तुम्ही दुपारी बघताय. या अळ्या सकाळी आणि संध्याकाळी खातात, ऊन चढलं की पानाखाली किंवा ढेकळांत दडतात. सकाळी सातच्या सुमारास जा.

भोकांचा आकारही बघा. पान चाळणीसारखं झालं असेल, भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतील आणि झाड हलवल्यावर काळे चकचकीत ठिपके टुणकन उडत असतील, तर ते पिसू भुंगेरे. पानाचा एका बाजूचा पापुद्रा शिल्लक ठेवून खिडक्या केल्या असतील, तर चौकोनी ठिपक्यांचा पतंग. करवतमाशीची अळी आधी कडेपासून आणि मधून अनियमित भोकं पाडते. अळ्या जास्त असतील तर शेवटी शिरांचा सांगाडा उरतो. रोपं तीन-चार आठवड्यांची असताना सर्वांत मोठा फटका बसतो. मुळा भरायला लागल्यावर दोन-चार अळ्या दिसल्या तर मी दुर्लक्ष करतो.

अंडीही सापडतात. कोवळं पान उजेडासमोर धरा. कडेला, पानाच्या दोन थरांच्या मध्ये, फुगीर टिपूस दिसेल, जणू सुईने टोचून आत पाणी भरलंय. एका ठिकाणी एकच अंडं. मादी एकूण तीस-पस्तीस घालते आणि ४ ते ८ दिवसांत अळ्या निघतात.

६. मोठी माशी कशी दिसते?

लांबी ८ ते ११ मिलिमीटर. डोकं काळं, पोट नारिंगी-पिवळं, पंख धुरकट आणि त्यांच्यावर काळ्या शिरा. छातीवर काळं किती आणि नारिंगी किती हे वेगवेगळ्या वर्णनांत वेगवेगळं लिहिलेलं सापडेल, म्हणून ओळख छातीच्या रंगावर टांगू नका. धुरकट पंख आणि जाड कंबर ही जोडी पक्की. स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) साधारण दहा-अकरा पेरांच्या, टोकाकडे जरा जाड होत गेलेल्या.

थंडीतल्या सकाळी ती पानावर सुस्त बसलेली असते, फोटो काढायला तीच वेळ चांगली. पीक ती खात नाही. खाणारी अळी.

७. डंख मारते का? मुलं वाफ्यात खेळतात.

नाही. पोटाच्या टोकाला दिसतं ते करवतीचं पातं, डंख नाही, आणि ते फक्त पानावर चालतं.

८. मोबाइलच्या अ‍ॅपने 'अथालिया रोझी' सांगितलं. बरोबर आहे का?

वंश बरोबर, जात बहुधा चूक. अथालिया रोझी ही युरोपपासून जपानपर्यंत असलेली सलगमाची करवतमाशी. तिचे फोटो जगभर ढिगाने आहेत, आपल्या प्रॉक्सिमाचे त्या मानाने फारच थोडे, मग अ‍ॅप ओळखीच्या चेहऱ्याकडे झुकणारच. फरक पायांत आणि पंखांत आहे. रोझीचे पाय पिवळे आणि त्यांवर काळ्या कड्या चढवल्यासारख्या. पंखांवर पिवळसर झाक, फक्त पुढची कड काळी. प्रॉक्सिमाचा पंख सगळाच धुरकट.

नुसत्या अळीच्या फोटोवरून या दोघींत फरक करायचा प्रयत्न करू नका. अ‍ॅपवर नोंद करायची असेल तर 'अथालिया' इथेच थांबा. वंशापर्यंतची खरी नोंद जातीपर्यंतच्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी कामाची.

९. एका पुस्तकात 'अथालिया प्रॉक्सिमा', दुसऱ्यात 'अथालिया ल्युजेन्स प्रॉक्सिमा'. दोन वेगळ्या का?

एकच. जर्मन कीटकशास्त्रज्ञ क्लुग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाव दिलं. पुढे काहींनी तिला ल्युजेन्स या जातीची उपजात मानलं, काहींनी स्वतंत्र जात. भारतातल्या जुन्या शेती पुस्तकांत लांब नाव जास्त दिसतं. कुळाचंही तसंच: वर्षानुवर्षं टेन्थ्रेडिनिडी कुळात होती, अलीकडे काही अभ्यासक या वंशाला वेगळ्या अथालिडी कुळात ठेवतात. शोधताना दोन्ही नावं टाका.

१०. गुलाबावरही अशाच अळ्या आहेत. मुळ्यावरून तिकडे गेल्या का?

गेल्या नाहीत. मोहरीच्या कुळाबाहेर ही जात जगत नाही. गुलाबावर आर्गे वंशातल्या करवतमाशा असतात. त्यांच्या अळ्या पानाच्या कडेला ओळीने बसतात आणि धक्का लागला की शेपटाकडचा भाग वर उचलून वाकवतात. पोटपाय त्यांनाही पाचपेक्षा जास्त, म्हणजे प्रश्न ३ मधली खूण 'करवतमाशी आहे' एवढंच सांगते, 'कोणती' ते झाडावरून कळतं. मोठ्या माशीत फरक करणं सोपं: आर्गेच्या स्पृशेला तीनच पेरं आणि तिसरं खूप लांब.

११. बीटी फवारलं, तीनदा फवारलं, अळ्या तशाच. औषध भेसळीचं होतं का?

औषध चांगलं असेल, अळी चुकली. अळ्यांसाठी मिळणारं नेहमीचं बीटी कुर्स्ताकी हे जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक, ते पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांवर चालतं. करवतमाशीची अळी मधमाशीच्या गणातली, तिच्यावर त्याचा परिणाम होत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका हंगामात मीही कोबीवरची अळी समजून दर आठवड्याला बीटी मारत बसलो, दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि तिसऱ्या आठवड्यात वाफ्यात मुळ्याचे नुसते देठ उभे होते. तोवर एकदाही अळी उचलून बाजूने बघितली नव्हती. पाय मोजण्याचा माझा आग्रह तिथून आला.

१२. मग करायचं काय?

घरचा वाफा किंवा कुंड्या असतील तर हाताने वेचणं हाच सर्वांत खात्रीचा उपाय. सकाळी ताटली किंवा साबणाच्या पाण्याची वाटी धरा आणि झाड हलवा. तिच्या पडण्याच्या सवयीचा (प्रश्न ४) फायदा घ्या. पाच-सहा दिवस सलग केलं की रोपं सावरतात.

शेतात पेरणी लवकर केली तर कोवळी रोपं हल्ल्याच्या वेळेआधी थोराड होतात. रोपावस्थेत भरपूर पाणी दिलं की पुष्कळ अळ्या बुडून मरतात. कोष मातीत असतात, म्हणून उन्हाळ्यातली खोल नांगरट उपयोगी. कुंडीवाल्यांनी माती मे महिन्यात पातळ पसरून उन्हात टाकावी. कारल्याच्या बियांच्या तेलाचं इमल्शन फवारलेली पानं ही अळी खायला बघत नाही, असं शेतीच्या पुस्तकांत नमूद आहे. राखेचा उपाय बरेच जण सांगतात. दव पडलं की राखेचा चिखल होतो, माझा त्यावर भर नाही.

रासायनिक औषध घ्यायचं ठरलं तर अळीचा फोटो घेऊन कृषी विज्ञान केंद्रात विचारा आणि लेबलवरचंच प्रमाण वापरा. मोहरी फुलोऱ्यात असेल तर थांबा. तिथे मधमाश्या असतात, आणि ज्या अळीला मारायचं ती बहुतेकदा तोवर मातीत गेलेली असते.

१३. अळ्या होत्या त्या मुळ्याच्या पाल्याची भाजी चालेल का?

फवारणी केली नसेल तर खुशाल. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, हाताने उलटसुलट करून निवडा. फवारणी केली असेल तर लेबलवर लिहिलेले काढणीपूर्वीचे दिवस उलटेपर्यंत पाला काढू नका.

१४. मोजले, पण आकडा जुळत नाही. अपवाद असतात का?

असतात, आणि इथेच नवखे अडकतात.

पोटपाय तीनच जोड्या दिसल्या आणि अळी कमान करून चालत असेल, तर ती कोबीवरची उंटअळी, पतंगाचीच. पाय अजिबात दिसत नसतील आणि अंगावर काटेरी झुपके असतील, तर खाजऱ्या गोगलगाय-अळ्यांपैकी. हात लावू नका. उलट, देठ किंवा पान आतून पोखरणाऱ्या काही करवतमाशांच्या अळ्यांचे पाय जवळजवळ नाहीसे झालेले असतात. गव्हाचं खोड पोखरणारी करवतमाशी त्यातलीच. म्हणजे 'पाय कमी, म्हणून करवतमाशी नाही' हे विधान उघड्यावर पान खाणाऱ्या अळीलाच लागू.

पाचपेक्षा जास्त पोटपायांचा पतंगही आहे: अमेरिका खंडातल्या मेगॅलोपिजिडी कुळाच्या केसाळ अळ्यांना सात जोड्या असतात. तिकडे राहणाऱ्या एका वाचकाने हा प्रश्न टाकला होता. त्यांच्यासाठी नियम: अंगावर दाट केस असतील तर आकड्यावर जाऊ नका आणि हातही लावू नका, झोंबतात.

आणि सर्वांत साधा अपवाद: अळी अगदी लहान असली की मोजणारा चुकतो. दोन-तीन दिवस थांबा, ती वाढते. तिच्या वाढीचे टप्पे सात आहेत, घाई नाही.

१५. बरणीत पाळून मोठी माशी बघायची आहे. कसं करू?

काचेची बरणी, तळाला चार बोटं ओलसर माती, रोज मुळ्याचं ताजं पान, तोंडाला मलमलचा तुकडा. माती विसरू नका. अळीचं खाणं संपलं की ती मातीत शिरते आणि लंबगोल, पाणी न शिरणारा कोष करते. बाहेरून मातीचे कण चिकटल्याने तो खड्यासारखा दिसतो. अळीचा काळ १६ ते ३५ दिवस, कोषातून माशी यायला ११ ते ३१ दिवस. थंडी जास्त असेल तर दोन्ही लांबतात.

१६. बरणी ठेवून दोन महिने झाले, काहीच बाहेर आलं नाही. फेकू?

अळी फेब्रुवारी-मार्चमध्ये मातीत गेली असेल तर नका फेकू. हंगामाच्या शेवटच्या पिढीतल्या अळ्या कोषातच उन्हाळा-पावसाळा काढतात आणि पुढच्या थंडीत माश्या होऊन निघतात. बरणी सावलीत ठेवा, माती अगदी कोरडी पडू देऊ नका. नोव्हेंबरमध्ये गेलेली असेल आणि काहीच हालचाल नसेल, तर कोष गेला.

मातीत जायच्या आधीच अळी मऊ पडून लालसर झाली असेल तर सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूची बाधा असू शकते. ती अळी बाकीच्यांतून काढा, बरणी धुवा.

१७. कोषातून भलतीच बारीक कमरेची माशी निघाली! माझी ओळख चुकली होती का?

ओळख बरोबर असू शकते. पेरिलिसस सिंग्युलेटर ही परजीवी माशी या अळीच्या अंगात अंडं घालते. तिचं पिल्लू अळीला आतून खातं आणि शेवटी कोषातून करवतमाशीऐवजी तीच बाहेर पडते. कमरेवरून फरक लगेच कळतो (प्रश्न १). ही निघाली तर मारू नका, वाफ्यात सोडा. आणि नोंद ठेवताना दोन्ही नावं लिहा, अळीचंही आणि हिचंही. अशी जोडनोंद फार थोड्यांकडे असते.

१८. एकच मादी होती, नर नव्हता. तरी अंडी फुटली आणि निघाले ते सगळे नर. हे कसं?

मधमाशीच्या राणीचं जसं, तसंच. या गणात फळलेल्या अंड्यातून मादी आणि न फळलेल्यातून नर होतो. बरणीत नर नसेल तर पुढची पिढी सगळी नरांची. तुमची बरणी अगदी बरोबर चालली आहे.

१९. तुम्हाला फोटो पाठवताना किंवा नमुना द्यायचा असेल तर काय लागतं?

तीन फोटो: अळी बाजूने, डोकं जवळून, आणि पूर्ण झाड. शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. तारीख, गाव आणि झाडाचं नाव लिहा.

फोटोवरून मी फार तर 'बहुधा हीच' म्हणू शकतो. शिक्कामोर्तबासाठी मोठी माशीच हवी, शक्यतो मादी, कारण करवतीच्या दात्यांवरून अभ्यासक जाती वेगळ्या करतात. असा नमुना जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात द्या. पुण्याच्या आसपास असाल तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. आधी फोन करून विचारा.

अळी ठेवायची असेल तर आधी क्षणभर उकळत्या पाण्यात घाला, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. सरळ अल्कोहोलमध्ये टाकली की ती आक्रसते, आणखी काळी पडते आणि पट्टे कायमचे जातात. चिठ्ठी बाटलीच्या आत घाला आणि ती पेन्सिलनेच लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि मग बाटलीत उरतं निळसर पाणी आणि गाव नसलेली अळी.